भिंत कोणाची, खांब कोणाचा ?

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधविणारा व घरांत राहणारा हे बहुधा एकच असत. पाया खणतांना यजमान कांठावर उभा असे, चुना मळतांना त्याचे डोळे गवंड्याच्या हातांवर असत, आणि वास्तुशांतीच्या दिवशीं घराचीं सारीं मर्में त्यास ठाऊक झालेलीं असत. आज शहरांतील गृहस्थ घर बांधीत नाहीं. तो तें विकत घेतो, आणि तेंहि पुष्कळदां नुसत्या नकाशावरून. खर्च व मनस्ताप त्याच्या वांट्यास येतातच. बांधतांना मिळणारें ज्ञान तेवढें येत नाहीं. तें थोडेंसें तरी कसें मिळवावें, हें आम्हांस गेल्या वर्षीं किंमत मोजून शिकावें लागलें. एकत्र कुटुंबांतील वाचकांस ती हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमचें बिऱ्हाड पेणकरपाड्यास. दहिसरची हद्द ओलांडली कीं मुंबई संपते आणि मीरा-भाईंदर सुरू होतें. पूर्वेच्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेस व उत्तरेस मिठागरें आणि खाड्या, अशा मधल्या पट्ट्यांत ही वस्ती वाढली. येथें १९८५ सालीं नगरपालिका व २००२ सालीं महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या सुमारें ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्यें ८ लाख ९ हजारांवर गेली. इतक्या माणसांस जमिनीवर पसरून राहणें शक्य नाहीं. म्हणून सहा-सात मजल्यांच्या इमारती उठल्या आणि अजून उठत आहेत.

आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें मिळून घरांत नऊ माणसें. जुनी जागा अपुरी पडूं लागली तेव्हां असें ठरलें कीं, एका नव्या सातमजली इमारतींत शेजारशेजारच्या दोन जागा घ्याव्या, मधली भिंत काढून टाकावी आणि चूल एकच ठेवावी. जवळच एक बांधकाम चालू होतें. भाव इतरांहून कमी होता. तेथील गृहस्थ म्हणाले, “भिंत आम्हीच काढून देऊं, त्यांत काय आहे !” थोरल्या चिरंजीवांनीं त्याच दिवशीं एकावन्न हजार रुपये बयाणा दिला.

घरीं आल्यावर धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, “बाबा, आपली जागा दुसऱ्या मजल्यावर. ही भिंत काढली तर वरच्या पांच मजल्यांच्या भिंती कशावर उभ्या राहतील ?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर कोणासच देतां येईना. मी चाळीस वर्षें संस्कृत शिकविलें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय लिहिला असून वज्रलेपाच्या, म्हणजे चिकटविण्याच्या टिकाऊ लेपाच्या, कृतीहि दिल्या आहेत, हें मला ठाऊक होतें. परंतु स्वतःच्या घराची भिंत भार वाहते कीं नाहीं, हें ठाऊक नव्हतें. अखेर माझा एक जुना विद्यार्थी, जो आज इमारतींच्या सांगाड्याचीं गणितें करण्याचें काम करतो, त्यास बोलावून घेतलें.

तो म्हणाला, “गुरुजी, वाड्यांत भिंत घर उचलून धरी. या इमारतींत स्लॅबचा भार तुळयांवर, तुळयांचा खांबांवर आणि खांबांचा पायावर जातो. मधली विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. तिचें वजनहि त्या त्या मजल्याची तुळईच वाहते. मात्र तिच्या पोटांत खांब असेल, तर तो काढतां येत नाहीं. कांहीं नव्या इमारतींत तर भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तेथें भिंत हाच खांब. नकाशा पाहिल्यावांचून कोणी ‘काढून देऊं’ म्हणत असेल, तर त्यास एक तर ठाऊक नाहीं, किंवा पर्वा नाहीं.”

या बांधणीची पद्धत मुंबईंत १९३० च्या दशकांत चांगली रुळली. मरीन ड्राइव्हवरच्या ज्या इमारतींस २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या त्याच पिढीच्या. काँक्रीट दाब सोसतें पण ताण सोसत नाहीं. तो ताण आंतील पोलादी सळई सोसते. या दोघांचा संसार सुखाचा होण्यास एकच अट आहे : सळईस गंज लागतां कामा नये. कारण गंज मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि भोंवतालचें काँक्रीट आंतून फोडतो. खाडीकांठचा खारा वारा हा तर गंजाचा सोयराच. म्हणून ‘भारतीय मानक ४५६’ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तींत असें सांगितलें आहे कीं, समुद्रकांठच्या हवेस उघड्या असणाऱ्या काँक्रीटांत सळईवर किमान ४५ मिलिमीटर जाडीचें आच्छादन असावें, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक नसावें. म्हणजे ५० किलोंच्या पोत्यास वाळूंतील ओल धरून साडेबावीस लिटर. पाणी वाढविलें कीं काँक्रीट सहज पसरतें, बिगाऱ्यांचे श्रम वांचतात. पण पुढें तें पाणी उडून गेल्यावर सूक्ष्म छिद्रें राहतात व त्यांतून खारी हवा सळईपर्यंत पोंचते.

इतकें समजून घेऊन आम्ही त्याच्याबरोबर बांधकामावर गेलों. स्लॅबच्या फळ्यांवर सळया नुसत्या टेकलेल्या होत्या. त्यांखालीं आच्छादनासाठीं ठेवावयाच्या सिमेंटच्या वड्या दिसेनात. मुकादम नळी धरून मिश्रणांत पाणी सोडीत होता. तीन दिवसांपूर्वीं ओतलेला खालचा स्लॅब कोरडा पडला होता. साध्या सिमेंटचें काँक्रीट निदान सात दिवस, व राखमिश्रित सिमेंटचें निदान दहा दिवस ओलें ठेवावें, असें तीच संहिता सांगते. आम्ही सांगाड्याचे नकाशे मागितले, ते मिळाले नाहींत. पायासाठीं बोअर घेऊन जमिनीची परीक्षा केल्याचा अहवाल मागितला, तोहि नाहीं. डोंगर व खाडी यांमधल्या जमिनींत खडक कोठें किती खोल आहे, हें बोअर घेतल्यावांचून कोणास सांगतां येणार ? स्थावर संपदा प्राधिकरणाचा नोंदणीक्रमांक विचारतां ‘येईल लौकरच’ असें उत्तर मिळालें.

घरीं मोठा वाद झाला. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, सगळे असेंच बांधतात आणि लोक राहतातच ना ! मीं त्यांस ४ एप्रिल २०१३ ची आठवण दिली. आपल्याच ठाणें जिल्ह्यांत शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत त्या दिवशीं कोसळली व ७४ जीव गेले. अखेर बयाणा सोडून द्यावयाचें ठरलें. एकावन्न हजार रुपये आमच्यासारख्या घरास लहान नव्हेत. थोरल्यांचा व माझा अबोला आठ दिवस चालला.

दुसरी इमारत पाहिली ती महाग होती, परंतु मागितलेला प्रत्येक कागद तेथें दाखविला गेला. माझ्या विद्यार्थ्यानें प्रथम तळमजला पाहिला. गाड्यांसाठीं खालचा मजला भिंतींवांचून मोकळा ठेवला कीं वरचा भाग ताठ व खालचा लवचीक होतो, आणि भूकंपांत सारा हिसका खालच्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा केंद्रबिंदु दूर कच्छांत होता, तरी अहमदाबादेंत अशा कित्येक इमारती पडल्या त्या याच कारणानें. येथें जिना व उद्वाहक यांभोंवतीं पायापासून माथ्यापर्यंत काँक्रीटच्या भिंती घेतल्या होत्या. तें पाहून त्यानें मान डोलावली.

मग आमच्या भिंतीचा नकाशा उलगडला. भिंतीच्या बरोबर मधोमध एक खांब होता. मनांत योजिलेलें मोठें दालन तेथेंच मावळलें. खांबाच्या एका अंगास मात्र नुसत्या विटा होत्या. तेथें रीतसर परवानगी घेऊन साडेतीन फुटांचें दार ठेवतां येईल, असें ठरलें. चूल एक राहील. पंगत मात्र दोन खोल्यांत बसेल.

ज्यांना असा व्यवहार करावयाचा आहे त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें नोंदणीकृत करार झाल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकास घेतां येत नाहीं, आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधणीचा दोष निघाल्यास तो स्वखर्चानें दुरुस्त करणें त्याजकडे असतें. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावांचून राहावयास जाऊं नये. ज्यांची इमारत जुनी आहे त्यांनीं आदर्श उपविधींप्रमाणें पंधरा ते तीस वर्षांपर्यंत दर पांच वर्षांनीं, व त्यापुढें दर तीन वर्षांनीं, सांगाड्याची तपासणी करवून घ्यावी. छतास तांबूस डाग दिसला तर त्यावर रंग देऊन तो झांकूं नये. तो आंतील गंजाचा निरोप असतो.

मुंबईंत सारस्वत समाजानें गांवदेवीस १९१५ सालीं सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हांपासून एका छपराखालीं अनेक कुटुंबांनीं सामाईक मालकीनें राहण्याची रीत आपल्याकडे चालत आली आहे. तरी दार लावलें कीं आंतलें सारें आपलें, अशी समजूत अजून जात नाहीं. आमच्या स्वयंपाकघराशेजारचा तो खांब खालून येतो व वर सातव्या मजल्यापर्यंत जातो. कोणी हौसेनें त्यास खांच पाडली, कोणी न्हाणीची गळती वर्षानुवर्षें चालूं दिली, तर भोगावें लागेल तें सर्वांस. भिंत ज्याची त्याची असेल. खांब सर्वांचा आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसांस तरी हें निराळें शिकवावें लागूं नये.

सध्यां पांचव्या मजल्याचा स्लॅब पडला आहे. तो ओतल्यापासून थोरले चिरंजीव रोज कचेरींतून परततांना तेथें डोकावून येतात, आणि वर पाणी उभें आहे कीं नाहीं तें घरीं येऊन सांगतात.