वाद्यवृंदाविना वाजलेली गाणी

1982 साली ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने एक चमत्कारिक वाटणारा ठराव संमत केला. सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्या वापरावर बंदी घालावी, अशी त्यात मागणी होती. बॅरी मॅनिलो या अमेरिकन गायकाने आपल्या दौऱ्यात वाद्यवृंदाचे काम सिंथेसायझरवर भागविले, हे त्याचे निमित्त. शिखर संघटनेने ही बंदी धोरण म्हणून स्वीकारली नाही आणि पुढे या ठरावाची थट्टाच अधिक झाली. वस्तुतः त्यात थट्टेजोगे फारसे काही नव्हते. 1893 साली स्थापन झालेल्या या संघटनेने बोलपट आले तेव्हा मूकपटगृहांतील हजारो वादक बेकार झालेले पाहिले होते. व्हायोलिनवादकांचा अख्खा ताफा जर एका पेटीत सामावणार असेल, तर कोणाच्या पोटावर पाय येणार हे कळण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

मात्र ज्यांच्या हाती ही पेटी आली होती ती मुले कोण होती, याचा विचार ठराव करणाऱ्यांनी केला नसावा. शेफील्ड हे पोलादाचे शहर. 1980 च्या जानेवारीत सरकारी पोलाद कारखान्यांतील कामगारांनी पुकारलेला संप एप्रिलपर्यंत चालला. त्यानंतर कारखाने आणि नोकऱ्या आटतच गेल्या. जानेवारी 1982 मध्ये ब्रिटनमधील नोंदलेल्या बेकारांची संख्या 30 लाखांवर पोहोचली. नेमक्या त्याच हिवाळ्यात ‘ह्यूमन लीग’ या शेफील्डच्या चमूचे ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ हे गाणे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपत होते. चमूचा गायक फिलिप ओकी हा पूर्वी रुग्णालयात हमाली करणारा. 1977 साली चमू उभा करणारे मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघे संगणक चालविण्याची नोकरी करीत. 1980 साली ते वेगळे झाले आणि त्यांनी ‘हेवन 17’ काढला, तेव्हा ओकीने गावातल्या एका नृत्यगृहात दिसलेल्या दोन शाळकरी मुलींना चमूत घेतले. यांपैकी कोणीही संगीताच्या विद्यालयातून घडून आलेले नव्हते.

हे शक्य झाले ते किमतीमुळे. 1970 साली बाजारात आलेल्या ‘मिनीमूग’ची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास होती. पुढे कॉर्ग, रोलँड या जपानी कंपन्यांनी लहान आणि स्वस्त यंत्रे आणली. लिव्हरपूलच्या पलीकडच्या तीरावर राहणाऱ्या दोन तरुणांनी तर त्यांच्यापैकी एकाच्या आईकडे येणाऱ्या टपाल-विक्रीच्या सूचीतून, आठवड्याच्या हप्त्याने, आपला पहिला सिंथेसायझर घेतला. ‘ऑर्केस्ट्रल मॅन्युव्हर्स इन द डार्क’ असे भारदस्त नाव धारण करणाऱ्या या जोडीचे 1980 मधील ‘एनोला गे’ हे गाणे हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानावर आहे आणि त्यावर लोक बेलाशक नाचले. स्वस्त यंत्रांतून एका वेळी एकच सूर निघे. स्वरमेळ वाजत नसे. साहजिकच सुरावटींचे बारीक बारीक धागे एकावर एक चढवून गाणे विणावे लागे. त्या काळच्या गाण्यांतला तो थंड, सुटसुटीत, काहीसा एकाकी नाद सौंदर्यदृष्टीतून जितका आला, तितकाच अडचणीतूनही आला. गॅरी न्यूमनला तर 1978 साली ध्वनिमुद्रणगृहात कोणी तरी ठेवून गेलेले मिनीमूग आयते सापडले. पुढच्याच वर्षी त्याची दोन गाणी पहिल्या क्रमांकावर होती.

यंत्राच्या स्वस्ताईचे असे कौतुक करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. शेफील्डची ही मुले एकमेकांना भेटली ती नगरपालिकेच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘मीटव्हिसल’ या युवकांच्या नाट्यकेंद्रात. ‘सॉफ्ट सेल’ची जोडी जमली लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये. सार्वजनिक पैशाने मोकळा वेळ, एखादी खोली आणि सोबत मिळाली नसती, तर हप्त्याचा सिंथेसायझर माळ्यावरच पडून राहिला असता. काटकसरीचे धडे देणाऱ्या थॅचरबाईंच्या राजवटीत जी गाणी देशाची निर्यात ठरली, त्यांची पेरणी आधीच्या सढळ हाताने झाली होती.

ही सगळीच गाणी थोर होती, असे कोणी म्हणू नये. 1981 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर केशभूषेला चालीइतकेच महत्त्व आले. आणि लोकांच्या आवडीचे म्हणाल, तर त्याच वर्षी ‘अल्ट्राव्हॉक्स’च्या ‘व्हिएन्ना’ या गंभीर गाण्याला जो डॉल्चे यांच्या एका विनोदी गाण्याने पहिल्या क्रमांकापासून दूर ठेवले!

यंत्रामुळे गेलेला रोजगार दुसरीकडे निर्माण होतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. बेरजेत ते बहुधा खरेही असते. पण लंडनचा पन्नाशीतला व्हायोलिनवादक काही शेफील्डचा वीस वर्षांचा तरुण होऊ शकत नव्हता. लाभ एकाच्या पदरी पडला आणि तोटा दुसऱ्याच्या. त्या दोघांची गाठही कधी पडली नसेल.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हेच नाट्य थोडे उशिरा घडले. मोठ्या वाद्यवृंदात स्वरलिपी वाचून वाजविणारे, त्यांत गोव्याचे कितीतरी, यांचे बोलावणे सिंथेसायझर रुळल्यावर कमी कमी होत गेले. तथापि या शहरात ती यंत्रे लवकर हाताळणाऱ्यांपैकी एक असामी त्याच वादकवर्गातली होती. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 सालीच, म्हणजे लंडनचा तो ठराव झाला त्याच वर्षी, रोलँडची तीन यंत्रे मांडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी तेव्हा फारशी कोणी घेतली नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली आणि युरोपातील तरुण श्रोत्यांनी तिचा शोध लागल्यासारखा गाजावाजा केला, तेव्हा सिंग सत्तरीत होते.