पियानो वाजवता येत नाही म्हणून

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोराचा आवाज चांगला आहे हो, पण पाय असा अधू. गाण्याच्या क्लासला कोण घेणार त्याला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर थॉमस क्वास्टहॉफ आठवला. आज त्याचीच गोष्ट सांगते.

थॉमस १९५९ साली जर्मनीत हिल्डेसहाइम इथे जन्मला. तेव्हा तिकडे थॅलिडोमाइड नावाचं औषध मिळायचं. झोप लागते, मळमळ थांबते म्हणून गरोदर बायकाही ते घेत. थॉमसच्या आईनेही घेतलं. त्या औषधामुळे जगभरात हजारो मुलं अधू जन्मली. १९६१ मध्ये जर्मनीत ते बाजारातून काढून घेतलं, पण थॉमसचे हात खांद्यापाशीच आखूड राहिले आणि उंची मोठेपणीही साडेचार फुटांना पोचली नाही. त्या माउलीचा यात काय दोष? औषध सुरक्षित म्हणूनच विकलं जात होतं. आपल्याकडे मात्र असं मूल झालं की आधी आईलाच बोल लावतात. आणि हो, दिवस गेलेले असताना दुकानातून मनाने गोळी आणू नका. आशाताईंना, डॉक्टरांना विचारा.

आवाज मात्र दमदार. पुरुषांचा उंच पट्टीचा आवाज म्हणजे टेनर, सर्वांत खालचा बास, मधला बॅरिटोन. थॉमसचा आवाज बास-बॅरिटोन, म्हणजे बॅरिटोनपेक्षा थोडा खर्जाकडे झुकलेला. हानोव्हरच्या संगीत महाविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. का? तर पियानो वाजवता येणं ही प्रवेशाची अट होती. गळ्याने गायचं, आणि अडवलं हातांनी! मग तो शार्लोट लेमान या बाईंकडे खासगी शिकला. कायद्याचा अभ्यास केला, बँकेत नोकरी केली, रेडिओवर निवेदक झाला. म्हणजे आपल्याच जातकुळीतला!

१९८८ मध्ये म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो पहिला आला आणि वाट मोकळी झाली. युरोप, अमेरिका, मोठमोठी सभागृहं. ग्रॅमी हे मानाचं पारितोषिक तीनदा मिळालं.

तरी ऑपेरापासून तो बरीच वर्षं लांबच होता. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, पण त्यात बहुतेक बोलणंही गाऊनच. माइक नसतो. समोर मोठा वाद्यवृंद वाजत असतो, त्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. शिवाय मैफलीत उभं राहून गायचं असतं, इथे हजारो डोळ्यांसमोर वावरायचं. २००३ साली ऑस्ट्रियात साल्झबुर्गला 'फिडेलिओ'मध्ये तो पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर आला. पुढच्या वर्षी व्हिएन्नात 'पार्सिफाल'मध्ये आम्फोर्टास झाला. हा राजा न भरणाऱ्या जखमेने तळमळत असतो. तेव्हा थॉमस चव्वेचाळीस वर्षांचा होता.

२०१० मध्ये त्याचा भाऊ वारला. त्या दुःखाचा आवाजावर परिणाम झाला आणि २०१२ मध्ये त्याने शास्त्रीय गायन थांबवलं. शिकवणं मात्र तो आधीपासूनच करत होता. ज्याला संगीत महाविद्यालयाने दारातून परत पाठवलं, तो डेटमोल्ड आणि नंतर बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाला होता.

त्या ताईंच्या मुलाला येत्या रविवारी आपल्या स्टुडिओत गायला बोलावलं आहे. दाराशी तीन पायऱ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते आधी बघते.