नेल्लोरच्या बायका, 'ईनाडू'चं एक पान आणि 'आपण तेलुगू' म्हणजे नेमकं कोण?

१९९२ साली आंध्र प्रदेशच्या नेल्लोर जिल्ह्यात एक सरकारी लिलाव पुन्हा पुन्हा पुढे ढकलावा लागला. हा लिलाव होता 'सारा' विकण्याच्या हक्काचा. सारा म्हणजे अरक, आपल्याकडच्या देशी दारूचा तेलुगू भाऊबंद. लिलाव होऊ नये म्हणून खेड्यापाड्यांतल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यातल्या बहुतेक शेतमजूर होत्या आणि बऱ्याचजणी दलित किंवा मागास जातींतल्या.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९९३ पासून, संपूर्ण आंध्र प्रदेशात साराबंदी लागू झाली. (आपल्याकडे गडचिरोलीत जिल्हा दारूबंदी लागू झाली तीही १९९३ सालीच.)

या आंदोलनाचं श्रेय साक्षरता मोहिमेला आणि बायकांच्या एकजुटीला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे 'ईनाडू' हे तेलुगू वर्तमानपत्र. प्रादेशिक अस्मितेवर उभं राहिलेलं माध्यम सामाजिक बदलाला किती हातभार लावू शकतं आणि त्याच्या मर्यादा कुठे असतात, हे दोन्ही समजून घ्यायला या वर्तमानपत्रासारखं दुसरं उदाहरण भारतात शोधावं लागेल.

'ईनाडू' इतकं वेगळं का होतं?

रामोजी राव यांनी १० ऑगस्ट १९७४ रोजी विशाखापट्टणममध्ये 'ईनाडू' सुरू केलं. नावातच एक गंमत आहे. तेलुगूत 'ईनाडू' म्हणजे 'आज'. पण 'नाडू' म्हणजे प्रदेशही, त्यामुळे 'हा मुलूख' असाही त्याचा अर्थ निघतो. आजची बातमी आणि आपला मुलूख हे दोन्ही एकाच शब्दात आलं.

तोवर विशाखापट्टणमच्या वाचकाला वर्तमानपत्र बाहेरगावी छापून यायची वाट पाहावी लागायची. 'ईनाडू' तिथेच छापलं जायचं आणि उजाडायच्या आत दारात पडायचं. भाषाही ग्रांथिक नव्हती, बोलण्यातली होती.

खरा बदल मात्र ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झाला. 'ईनाडू'ने जिल्ह्याजिल्ह्यासाठी छोट्या आकाराच्या स्वतंत्र पुरवण्या काढायला सुरुवात केली. मुख्य अंकात दिल्ली आणि हैदराबाद, आतल्या पुरवणीत फक्त आपला जिल्हा. आज प्रत्येक मराठी दैनिकाची जिल्हा आवृत्ती असते, त्यामुळे यात विशेष काय असं वाटेल. त्या काळी मात्र एखाद्या गावातल्या पाणवठ्याच्या भांडणाला किंवा बंद पडलेल्या बसला छापील जागा मिळणं ही मोठी गोष्ट होती.

यामागे समाजसेवा कमी आणि धंदा जास्त होता, हेही सांगायला हवं. राज्यभराच्या अंकात जाहिरात देणं तालुक्याच्या गावच्या कापड दुकानदाराला परवडत नाही. फक्त त्याच्या जिल्ह्याच्या पुरवणीत देणं परवडतं. त्या जाहिरातीभोवती मजकूर हवा, म्हणून मंडल पातळीपर्यंत अर्धवेळ बातमीदार नेमले गेले. मंडल म्हणजे तालुक्याहून लहान प्रशासकीय घटक. भारतीय भाषांमधल्या वर्तमानपत्रांचा सविस्तर अभ्यास करणारे रॉबिन जेफ्री यांनी या प्रयोगाला त्यांच्या लेखनात मोठी जागा दिली आहे. जाहिरात आणि बातमी एकमेकींचा हात धरून गावापर्यंत कशा पोहोचल्या, हे त्यात दिसतं.

दुबगुंट्यात काय घडलं?

राष्ट्रीय साक्षरता अभियान १९८८ मध्ये सुरू झालं. त्याअंतर्गत नेल्लोरमध्ये 'अक्षर दीपम' नावाने मोहीम चालली. १९९१ च्या जनगणनेनुसार आंध्र प्रदेशात स्त्रियांची साक्षरता ३२.७२ टक्के होती, देशाच्या सरासरीपेक्षाही कमी. संध्याकाळी कामावरून आल्यावर बायका वर्गाला बसायच्या. वाचनाच्या पुस्तकात 'सीतम्मा कथा' नावाचा धडा होता, दारूने उद्ध्वस्त झालेल्या एका घराची गोष्ट सांगणारा.

धडा वाचून झाला की चर्चा व्हायची, आणि चर्चा धड्यातल्या सीतम्मावर थांबत नसे. कारण सारा घराघरात होती. एन. टी. रामाराव यांच्या सरकारच्या काळात 'वारुण वाहिनी' या योजनेतून ती प्लॅस्टिकच्या पाकिटांत मिळू लागली होती. एका भागात सारा विकायचा हक्क लिलावात सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्या ठेकेदाराला मिळायचा. बोलीचे पैसे वसूल करायचे तर जास्तीत जास्त पाकिटं खपवायला हवीत. त्यामुळे सारा पार वस्तीपर्यंत यायची, उधारीवरही मिळायची आणि मजुरीचा पैसा घरी पोहोचायच्या आत संपायचा. सरकारच्या दृष्टीने हा तिजोरीत येणारा महसूल होता.

अशात दुबगुंटा गावात दारू प्यायलेले दोघे तळ्यात बुडून गेले. गावच्या बायकांनी साराची विक्री बंद पाडली. त्यांच्यात पुढे होत्या वर्धिनेनी रोसम्मा, ज्या नंतर राज्यभर 'दुबगुंटा रोसम्मा' म्हणून ओळखल्या गेल्या. मग दुबगुंट्याचीच गोष्ट 'आडवाळ्ळू एकमैते' या नावाने साक्षरतेच्या पुस्तकात धडा म्हणून आली. नावाचा अर्थ 'बायका एक झाल्या तर'. शेजारच्या गावांतल्या बायकांनी तो धडा वाचला आणि त्यांना पडलेला प्रश्न अगदी साधा होता: त्यांना जमलं, तर आपल्याला का नाही?

मग वर्तमानपत्राने नेमकं काय केलं?

आंदोलन 'ईनाडू'ने सुरू केलं नाही. ते आधीच गावोगावी पसरत होतं. 'ईनाडू'ने १९९२ मध्ये 'सारा पै समरम्' म्हणजे 'सारावर युद्ध' या मथळ्याखाली या आंदोलनासाठी एक अख्खं पानच राखून ठेवलं. कुठल्या गावात दुकान बंद पाडलं, कुठे पाकिटं जाळली, कुठे लिलाव रोखला, हे त्यात गावाच्या नावानिशी यायचं.

इथे एक प्रश्न पडतो. ज्या राज्यात तीनपैकी दोन बायकांना वाचता येत नव्हतं, तिथे हे पान वाचत कोण होतं? काही प्रमाणात त्या बायकाच, कारण पेपर चहाच्या टपरीवर आणि साक्षरता वर्गात मोठ्याने वाचला जायचा. पण या पानाचे महत्त्वाचे वाचक दुसरेच होते: जिल्हाधिकारी, आमदार आणि ठेकेदार. एका गावातलं भांडण पोलीस ठाण्यात मिटवता येतं. पन्नास गावांची नावं एका पानावर रोज दिसू लागली की तो जिल्ह्याचा प्रश्न होतो, आणि बातमी राज्याच्या अंकात गेली की हैदराबादचा.

राजकारणही होतंच. तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं आणि 'ईनाडू' तेलुगू देसम पक्षाच्या जवळचं मानलं जायचं. सरकारला अडचणीत आणणारं आंदोलन वर्तमानपत्राला सोयीचं होतं. म्हणून ते पान खोटं ठरत नाही, पण इतकी जागा का मिळाली हे कळायला मदत होते.

डिसेंबर १९९४ मध्ये एन. टी. रामाराव संपूर्ण दारूबंदीचं आश्वासन देऊन प्रचंड बहुमताने परतले आणि शपथविधीच्या मंचावरच त्यांनी दारूबंदीच्या फायलीवर सही केली. ज्यांच्या कारकिर्दीत साराची पाकिटं गावोगावी गेली, त्यांनीच जानेवारी १९९५ पासून सगळी दारू बंद केली.

यात अस्मितेचा संबंध कुठे येतो?

त्यासाठी दहा-बारा वर्षं मागे जावं लागेल. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत काँग्रेसने आंध्र प्रदेशला चार मुख्यमंत्री दिले. मुख्यमंत्री कोण हे दिल्लीत ठरायचं. फेब्रुवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री टी. अंजय्या यांना राजीव गांधींनी हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर जाहीरपणे सुनावलं आणि हा तेलुगू माणसाचा अपमान आहे ही भावना पेटली. त्यानंतर २९ मार्च १९८२ रोजी सिनेमातले देव एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला. त्यांची घोषणा होती तेलुगू आत्मगौरवाची. 'ईनाडू'ने त्यांची जोरदार पाठराखण केली आणि नऊ महिन्यांत ते मुख्यमंत्री झाले.

अस्मितेच्या या लाटेतून फक्त भाषणं आली नाहीत. दोन रुपये किलोचा तांदूळ आला. गावावर पिढ्यान् पिढ्या सत्ता गाजवणारी पटेल-पटवारी पद्धत रद्द झाली. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा देणारा कायदा आंध्र प्रदेशने १९८६ मध्ये केला. केंद्राला त्यासाठी २००५ साल उजाडावं लागलं. 'आपलं सरकार' म्हटलं की लोक त्याच्याकडे हक्काने मागायला लागतात. नेल्लोरच्या बायकांनी तेच केलं.

योगायोग म्हणजे वेगळ्या आंध्र राज्यासाठी १९५२ मध्ये उपोषण करून प्राण दिलेल्या पोट्टी श्रीरामुलू यांचं नाव २००८ मध्ये याच नेल्लोर जिल्ह्याला दिलं गेलं. त्यांच्या मृत्यूनंतर आंध्र राज्य झालं ते १ ऑक्टोबर १९५३ रोजी, साराबंदीच्या बरोबर चाळीस वर्षं आधी.

पण तेलंगणाला ही अस्मिता आपली का वाटली नाही?

या गोष्टीची दुसरी बाजू इथे सुरू होते. आंध्र प्रदेश १९५६ मध्ये दोन वेगळ्या इतिहासांना जोडून बनला. किनारी आंध्र आणि रायलसीमा इंग्रजांच्या मद्रास प्रांतात होते, तर तेलंगणा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यासोबत. फाजल अली आयोगाने तेलंगणा काही काळ वेगळाच ठेवावा असं सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही.

निजामाच्या राज्यातली तेलुगू उर्दूच्या सहवासात वाढली होती. कृष्णा-गोदावरीच्या सुपीक खोऱ्यातली तेलुगू मात्र पाठ्यपुस्तकांची, सिनेमाची आणि वर्तमानपत्रांची भाषा झाली, कारण शिक्षण, भांडवल आणि माध्यमांची मालकी तिकडेच होती. तेलंगणाची बोली पडद्यावर यायची ती विनोदी नोकराच्या किंवा गुंडाच्या तोंडी. आपल्या सिनेमा-नाटकांत वऱ्हाडी आणि मालवणीचं काय होतं हे पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हा राग नवा नव्हता. तेलंगणात कवीच नाहीत, अशी टीका झाली तेव्हा सुरवरम प्रताप रेड्डी या संपादकांनी वाद घालण्याऐवजी कवी शोधायला घेतले. १९३४ मध्ये त्यांनी तिथल्या ३५४ कवींचा संग्रह छापला, 'गोलकोंडा कवुल संचिका'. माध्यमांच्या इतिहासात टीकेला दिलेलं इतकं सणसणीत उत्तर विरळाच.

रामारावांनी हैदराबादच्या टँक बंडवर तेलुगू थोरांचे पुतळे उभारले होते. हे थोर बहुतेक आंध्रचेच का, असं तेलंगणातले लोक विचारत राहिले. १० मार्च २०११ च्या 'मिलियन मार्च'मध्ये आंदोलकांनी त्यातले बरेच पुतळे फोडले. त्याच वर्षी 'नमस्ते तेलंगणा' हे दैनिक आणि 'टी न्यूज' वाहिनी सुरू झाली, दोन्ही तेलंगणा राष्ट्र समितीच्या जवळची. नंतर आलेल्या 'व्ही६' वाहिनीने 'तीनमार' नावाचं बातमीपत्र थेट तेलंगणाच्या बोलीत सुरू केलं. त्यातला बित्तिरी सत्ती हा वेंधळा खेडूत घराघरात पोहोचला. इथेही बोली विनोदाचीच होती, पण हसवणारा माणूस आता आपल्यातला होता.

२ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळं राज्य झालं आणि दोनच आठवड्यांत तिथल्या केबलचालकांनी 'टीव्ही९' आणि 'एबीएन आंध्रज्योती' या वाहिन्या बंद केल्या. नव्या राज्याच्या आमदारांची खिल्ली उडवल्याचा त्यांच्यावर आक्षेप होता. टिंगल झेललेल्यांच्या हातात आता बटण आलं होतं, आणि त्यांनी ते लगेच वापरलं.

'ईनाडू' समूहाने काय केलं?

धंद्याची नाडी ओळखणाऱ्या या समूहाने सोपा मार्ग काढला. त्यांची 'ईटीव्ही २' ही बातम्यांची वाहिनी 'ईटीव्ही आंध्र प्रदेश' झाली आणि जोडीला 'ईटीव्ही तेलंगणा' आली. याच समूहाने २००० साली हैदराबादहून 'ईटीव्ही मराठी' सुरू केली होती. तीच वाहिनी २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली. रामोजी राव यांचं जून २०२४ मध्ये निधन झालं.

आणि दारूबंदीचं?

संपूर्ण बंदी दोन वर्षं टिकली. चोरटी वाहतूक वाढली, तिजोरीला खड्डा पडला आणि १९९७ मध्ये चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने ती उठवली. साराबंदी मात्र कायम राहिली. रोसम्मांचं २०१६ मध्ये निधन झालं.

२०१९ मध्ये सत्तेत आलेल्या जगनमोहन रेड्डींनी टप्प्याटप्प्याने दारूबंदीचं आश्वासन दिलं आणि दुकानं सरकारच्या ताब्यात घेतली. २०२४ मध्ये नायडू परतले. त्यांच्या सरकारने ऑक्टोबरपासून ३,३९६ दुकानं पुन्हा खासगी हातात दिली आणि १८० मिलिची बाटली ९९ रुपयांत मिळेल अशी सोय केली. आता राज्यात जगन यांच्या कुटुंबाचं 'साक्षी' आहे, नायडूंच्या जवळचं मानलं जाणारं 'ईनाडू' आहे आणि दोघांच्याही जिल्हा पुरवण्या निघतात. दारूची बातमी कुठल्या पेपरात कशी येणार, हे सरकार कोणाचं आहे यावरून वाचकाला आधीच कळतं.