गर्भातले प्रथिन, प्रौढाच्या रक्तात

आईच्या पोटातल्या बाळाचे यकृत एक प्रथिन भरपूर तयार करते. त्याचे नाव अल्फा-फीटोप्रोटीन, डॉक्टरांच्या तोंडी ‘एएफपी’. जन्मानंतर हे उत्पादन जवळजवळ बंद पडते. 1963 मध्ये मॉस्कोत गॅरी अबेलेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात असेच गर्भातले प्रथिन आढळले. पाठोपाठ आस्त्राखानच्या युरी तातारिनोव यांनी यकृताचा कर्करोग झालेल्या माणसांच्या रक्तातही ते दाखवून दिले. कर्करोगाची पेशी गर्भावस्थेत चालू असलेली जनुके पुन्हा जागी करते, त्याचा हा माग.

साठ वर्षे उलटली, तरी यकृताच्या कर्करोगासाठी जगभर सर्वाधिक होणारी रक्तचाचणी हीच आहे. आता तर ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्येही ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून ती दिसते. सुई एकदाच टोचायची आहे, मग करून घ्यायला काय हरकत, असे कुणालाही वाटेल. हरकत आहे, आणि ती साध्या अंकगणिताची आहे.

समजा, एखादी चाचणी शंभरपैकी साठ कर्करोग पकडते आणि कर्करोग नसलेल्या शंभरांपैकी दहांना उगाच धोक्याची घंटा देते. सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार) झालेल्या 1000 रुग्णांत 20 जणांना गाठ असेल, तर 12 सापडतील आणि 98 जणांना नाहक सीटी स्कॅन करावा लागेल. एवढे सोसता येते. तीच चाचणी सरसकट एक लाख लोकांची केली आणि त्यांत पाचच कर्करोग असले, तर तीन सापडतील आणि सुमारे दहा हजार माणसे पुढचे काही आठवडे झोप घालवून बसतील. चाचणी तीच, रक्त काढण्याची पद्धत तीच. फरक फक्त खुर्चीत कोण बसले आहे याचा.

त्या खुर्चीत बसायला हवेत सिरॉसिसचे रुग्ण, मग तो दारूने झालेला असो, हिपॅटायटिस सीने किंवा फॅटी लिव्हरने. हिपॅटायटिस सी औषधांनी पूर्ण बरा झाला तरी सिरॉसिस मागे राहिला असेल, तर धोका राहतोच. हिपॅटायटिस बीची गोष्ट आणखी वेगळी. हा विषाणू आपला डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस न होताही कर्करोग होऊ शकतो. आतून यकृताला वेदना जाणवत नाही. पोट दुखू लागेपर्यंत किंवा कावीळ दिसेपर्यंत गाठ बहुधा मोठी झालेली असते. अशा लोकांवर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी अशी नजर ठेवतात. शांघायमध्ये हिपॅटायटिस बीशी संबंध आलेल्या सुमारे 19 हजार लोकांवर याची चाचणी झाली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नजर ठेवलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी होते.

एएफपी एकटे मात्र लंगडे आहे. एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त गाठी ते बनवतच नाहीत. उलट हिपॅटायटिस उफाळला किंवा स्त्री गरोदर असली की कर्करोग नसतानाही ते वाढते. म्हणून जाणते डॉक्टर एकाच आकड्यापेक्षा त्याच्या चालीकडे पाहतात. सहा, अकरा, एकोणीस असा चढत जाणारा आकडा वर्षानुवर्षे पंचविसावर स्थिर राहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त काळजीचा.

मग शास्त्रज्ञांनी एएफपीच्याच पोटात शिरून पाहिले. कर्करोगाच्या पेशीतून आलेल्या रेणूवरच्या साखरेच्या साखळीला फ्युकोज नावाची एक जादा साखर जडलेली असते. हा फरक ओळखतो कोण, तर मसूर! मसुराच्या दाण्यातले लेक्टिन नावाचे प्रथिन नेमक्या त्याच रेणूंना चिकटते. त्या चिकटलेल्या भागाला एएफपी-एल3 म्हणतात. आमटीतल्या डाळीने कर्करोगाच्या प्रयोगशाळेत इतके बारीक काम करावे, याचे मला अजून नवल वाटते.

तिसरा सुगावा रक्त गोठण्याच्या यंत्रणेतला. यकृत प्रोथ्रॉम्बिन बनवते आणि के जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याला कामाजोगे करते. कर्करोगाच्या पेशीत ही शेवटची पायरी बिघडते आणि अर्धवट प्रोथ्रॉम्बिन रक्तात सुटते. त्याचे नाव पिव्का-2. वॉरफरिन घेणाऱ्यांतही ते वाढते, तेव्हा रुग्णाने औषधांची यादी सांगितली नाही तर निदान चुकलेच. जपानमध्ये हे तिन्ही मार्कर नेहमीच्या वापरात आहेत. ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिन्हींत वय आणि लिंग मिळवून ‘गॅलाड’ नावाचा गुणांक तयार केला. त्याने सोनोग्राफीची जागा घ्यावी इतका पुरावा मात्र अजून जमलेला नाही. गाठीतून रक्तात झिरपणाऱ्या डीएनएवरचे मिथाइल गटांचे ठसे वाचणाऱ्या चाचण्याही रांगेत आहेत.

मला खरी अडचण मार्करची वाटत नाही. नजर ठेवायला हवी अशा लोकांत आपण मोडतो, हेच अनेकांना ठाऊक नसते. हिपॅटायटिस बी अंगात असणारे कितीतरी जण रक्तदानाच्या वेळी पहिल्यांदा ते ऐकतात. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्याची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. फॅटी लिव्हरवाल्यांची चाळणी तर घरच्या फाइलमध्येच पडलेली असते: वय, एएसटी व एएलटी ही यकृताची एन्झाइमे आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून ‘फिब-4’ हा गुणांक निघतो. तो 1.3 च्या खाली असेल तर यकृत फार कडक झालेले असण्याची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. त्यात सिरॉसिस दिसला, तर एएफपीची पाळी तेव्हा येते.