मोटरसायकलचा घसरणारा क्लच आणि जड लिव्हर



मोटरसायकलच्या क्लचविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. परंतु सातारा जिल्ह्यांतील डोंगराळ भागांत नोकरी करतांना जवळजवळ तीस वर्षें मोटरसायकल हेंच माझें वाहन होतें, आणि ज्या यंत्रावर आपला व आपल्या माणसांचा जीव आपण रोज सोंपवितों, त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें ठाऊक नसणें मला नेहमींच कमीपणाचें वाटत आलें. इतकें असूनहि क्लचच्या बाबतींत माझ्या हातून जी चूक झाली, ती एखाद्या नवशिक्यालाच शोभावी अशी होती. तीच आज प्रथम सांगतों.

सन २०१८ च्या पावसाळ्यांत माझ्या गाडीच्या क्लचची लिव्हर जड होऊं लागली. हें एका दिवसांत घडलें नाहीं, त्यामुळें फरक ध्यानांत आला नाहीं. संध्याकाळीं डाव्या अंगठ्याच्या मुळाशीं कळ येई. ती मी वयाच्या खातीं जमा करीत असें. पुढें लिव्हर पुरी ओढली जाईना, तेव्हां पहिला गिअर टाकतांना खटकन् आवाज होऊन गाडी हिसका देऊं लागली. शेजाऱ्यांनीं सल्ला दिला, "मास्तर, केबल सैल पडली असेल, थोडी ताणून घ्या." मीं लगेच लिव्हरच्या मुळाशीं असलेला ॲडजस्टर फिरवून केबल ताणली. लिव्हरचा सैलपणा पार नाहींसा झाला, गिअर निमूटपणें पडूं लागले आणि मीं आपली आपणच पाठ थोपटून घेतली.

आठ दिवसांनीं सौभाग्यवतींसह मेढ्यावरून महाबळेश्वराकडे निघालों होतों. केळघरचा घाट निम्मा चढून झाला असेल नसेल, तोंच इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी मात्र मंदावली. मूठ अधिक पिळली तों आवाज आणखी वाढला, पण वेग आणखी कमी झाला. पाऊस कोसळत होता, समोर वळण होतें आणि मागून एक मालमोटार भोंगा वाजवीत चढत होती. मालमोटारवाल्यानें वेळेवर ब्रेक लावला, सौभाग्यवती प्रसंगावधान राखून मागच्या मागें उतरल्या आणि आम्हीं गाडी कशीबशी कडेला ओढली. इंजिनांतून जळक्या तेलाचा उग्र वास येत होता. चढण्याचा विचार सोडून आम्ही उतारावरून मेढ्यास परत आलों. तेथें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गॅरेज आहे. त्यानें पाना हातांत घेतलाच नाहीं. एका बोटानें लिव्हर हालवून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, हिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीं तुम्हीं!"

त्याच्या बोलण्याचा अर्थ समजण्यासाठीं क्लचची रचना पाहावयास हवी. येथें माझ्यापाशीं फळाहि नाहीं आणि खडूहि नाहीं; तेव्हां आपण डोळे मिटून माझ्याबरोबर यावें. इंजिन फिरत राहावें आणि मागचें चाक मात्र थांबावें, अशी सोय वाहनांत करावीच लागते. नाहींतर प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद पडेल. ही सोय म्हणजे क्लच. आपल्याकडील बहुतेक मोटरसायकलींत तो इंजिनाच्या पोटांतच, तेलानें भिजलेला असतो. एका भांड्यांत पोळ्यांची चवड रचली आहे अशी कल्पना करा. तींत एकाआड एक अशा दोन जातींच्या गोल चकत्या असतात. त्यांसच प्लेटी म्हणतात. एका जातीच्या प्लेटींवर घर्षण करणाऱ्या पदार्थाचे तुकडे चिकटविलेले असतात, आणि त्यांचे बाहेरचे कान भांड्याच्या खांचांत अडकतात. हें भांडें इंजिन फिरवितें. दुसऱ्या जातीच्या प्लेटी साध्या पोलादी असून त्यांचे दांते आंतल्या बाजूस असतात व ते मधल्या तुंब्यांत बसतात. तुंबा गिअरांस फिरवितो आणि गिअर मागच्या चाकास. या साऱ्या चवडीवर मजबूत स्प्रिंगांचा दाब असतो. दाब आहे तोंवर सर्व प्लेटी एकमेकींस घट्ट धरून एकजीव फिरतात. आपण लिव्हर ओढली कीं तो दाब उचलला जातो आणि त्या सुट्या होतात.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. पकड स्प्रिंग देते. आपला हात ती फक्त काढून घेतो. म्हणून लिव्हर सोडल्यावर स्प्रिंगेचा संपूर्ण दाब प्लेटींवर परत आला पाहिजे. केबल ताणून सैलपणा नाहींसा केला, म्हणजे लिव्हर सोडली तरी केबल किंचित् ओढलेलीच राहते. वाण्यानें तराजूच्या पारड्याला खालून बोट लावावें, तसा हा प्रकार आहे. पारडें दिसतें जागेवर, पण वजन पुरें पडत नाहीं. सपाट रस्त्यावर एकटा मनुष्य असला तर उरलेला दाब पुरतो. चढावर, मागें दुसरें माणूस असतांना, तो पुरत नाहीं आणि प्लेटी एकमेकींवरून घसरूं लागतात. घसरल्या कीं तापतात, आणि तापून गुळगुळीत झाल्या कीं अधिकच घसरतात.

म्हणून लिव्हरच्या टोकाशीं थोडा मोकळा सैलपणा असलाच पाहिजे. बहुतेक लहान गाड्यांत तो १० ते २० मिलिमीटर ठेवावा असें सांगितलेलें असतें. आपल्या गाडीचा नेमका आंकडा तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत सांपडेल. हा सैलपणा कायम राहत नाहीं. तार ताणली जाते तेव्हां तो वाढतो, हें सर्वांस ठाऊक असतें. पण प्लेटी झिजून चवड पातळ झाली, म्हणजे तो उलट कमी होतो, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें, मलाहि नव्हतें.

आतां जड लिव्हरकडे वळूं. लिव्हर आणि इंजिन यांना जोडणारी केबल ही दिसण्यांत क्षुल्लक, पण मोठ्या बुद्धीची वस्तु आहे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यानें इंग्लंडांत १८९६ सालीं तिचें पेटंट घेतलें. म्हणून तिला अजूनहि बाउडेन केबल म्हणतात. आंत बारीक तारांचा पीळ आणि बाहेर वेटोळ्या तारेचें आवरण. आंतली तार ओढली जाते तेव्हां बाहेरचें आवरण तितकेंच दाबलें जातें. त्यामुळेंच ती वळणावळणांतून नेली तरी ओढ शेवटपर्यंत पोंचते. मात्र प्रत्येक वळणावर तार आवरणाला घांसते. वरच्या टोकांतून पावसाचें पाणी शिरतें, त्यांत धूळ मिसळते, गंज चढतो, आणि घर्षण दसपट वाटूं लागतें.

हें घर्षण दोन्ही बाजूंनीं नडतें, हा माझ्या आजच्या सांगण्यांतला मुख्य मुद्दा आहे. ओढतांना तें आपल्या हाताला विरोध करतें, म्हणून लिव्हर जड लागते. आणि सोडतांना तें स्प्रिंगेला विरोध करतें, म्हणून केबल पुरती मागें जात नाहीं व क्लच घसरूं शकतो. जड लिव्हर आणि घसरता क्लच या दोन तक्रारी आपण निरनिराळ्या समजतों, पण पुष्कळदां त्या एकाच घरच्या असतात. माझ्या बाबतींत केबल गंजली, म्हणून लिव्हर जड झाली. जड झाली म्हणून पुरी ओढली जाईना. ओढली जाईना म्हणून मीं केबल ताणली. ताणली म्हणून क्लच घसरला. येथेंच कोणी उपाय म्हणून अधिक कडक स्प्रिंगा घातल्या, तर घसरणें कांहीं काळ थांबतें खरें, पण लिव्हर पहिल्यापेक्षां जड होते आणि तेंच चक्र पुनः सुरू होतें.

तेव्हां इंजिन खोलण्याची घाई करूं नये. बाहेरून आंत जावें. गाडी बंद करून स्टँडवर लावा आणि केबलचें इंजिनाकडील टोक तेथल्या लहानशा दांडीवरून सोडवा. आतां लिव्हर ओढून पाहा. ती अजून अडखळत असेल, तर दोष केबलमध्यें किंवा लिव्हरमध्यें आहे, इंजिनांत नाहीं. ती अगदीं हलकी झाली, तर दोष खालच्या दांडीत किंवा आंत शोधावा. या एका परीक्षेनें निम्मा प्रश्न सुटतो. लिव्हरचा बोल्ट काढून तेथील जुनी घाण पुसावी, थोडें ग्रीस लावावें आणि बोल्ट बेतानें आवळावा. फार आवळला तरी लिव्हर जड होते. गाडी कधीं पडली असल्यास लिव्हर किंवा तिची बैठक वांकली आहे का, तेंहि पाहावें. केबल टाकीखालीं कोठें चेंबली किंवा फार तीव्र वळणानें नेली असेल, तर तिला तिच्या मूळच्या वाटेनें न्यावें.

केबलला तेल पाजण्याची जुनी रीत मला फार आवडते. केबल काढून खिळ्याला उभी टांगावी. वरच्या टोकाभोंवतीं दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याचें नाळकें दोऱ्यानें घट्ट बांधावें, त्यांत शिवणयंत्राचें पातळ तेल घालावें आणि रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं खालच्या टोकांतून प्रथम काळें पाणी आणि मग स्वच्छ तेल ठिबकतांना दिसलें कीं काम झालें. खालीं एखादें भांडें ठेवण्यास विसरूं नये. आमच्या घरीं हें एकदां विसरलें गेलें, आणि त्यावर जें भाषण झालें तें आकाशवाणीवर देण्यासारखें नव्हतें. कांहीं नव्या केबलींना आंतून नायलॉनसारखें अस्तर असतें. त्यांना तेल देण्यापूर्वीं पुस्तिका पाहावी, आणि जाड ग्रीस तर कोणत्याच केबलमध्यें कोंबूं नये, कारण त्यांत धूळ चिकटते. तारेचा एक जरी धागा टोकाशीं तुटलेला दिसला, तर तेलपाण्याच्या भानगडींत न पडतां नवी केबल आणावी. प्लेटींच्या मानानें तिची किंमत अगदींच अल्प असते.

केबल परत जोडल्यावर वरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आंत फिरवून ठेवावा, मुख्य जुळवणी इंजिनाकडील नटांवर करावी आणि शेवटचा बारीक फरक वर काढावा. दोन्ही ठिकाणचे लॉकनट आवळावेत. मग हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून सैलपणा दोन्हीकडे टिकतो का, हें अवश्य पाहावें. वळतांना तो नाहींसा होत असेल, तर केबलची वाट चुकली आहे.

यानंतर परीक्षा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी शेवटच्या गिअरमध्यें ताशीं ४० किलोमीटरच्या सुमारास चालवावी आणि मूठ एकदम पिळावी. आवाज आणि वेग बरोबरीनें वाढले तर ठीक. आवाज पुढें धांवला आणि वेग मागें राहिला, तर क्लच अजून घसरत आहे.

अशा वेळीं इंजिनांत कोणतें तेल आहे, याची चौकशी करावी. मोटरगाडीच्या कित्येक तेलांत इंधन वांचावें म्हणून घर्षण कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. मोटरगाडीचा क्लच इंजिनाच्या तेलांत नसतो, म्हणून तिला तें चालतें; आपल्या मोटरसायकलींत मात्र तेंच तेल क्लचप्लेटींना भिजवितें. ज्या घर्षणावर क्लच जगतो, तेंच आपण विकत घेतलेल्या तेलानें मारतों. यासाठींच जपानांत १९९८ सालीं जॅसो नांवाची प्रमाणपद्धति निघाली. डब्यावर जॅसो एमए अथवा एमए२ असें असेल, तें तेल ओल्या क्लचला योग्य. एमबी असेल तें नव्हे. चुकीचें तेल काढून योग्य तेल घातल्यावर कधीं कधीं क्लच सांवरतो, कधीं प्लेटी बदलाव्याच लागतात.

एवढें करूनहि घसरणें थांबलें नाहीं, तर मग मात्र क्लच खोलावा, आणि तो जाणत्या मिस्त्रीकडूनच. आपण फक्त शेजारीं उभें राहून चार गोष्टी पाहाव्या. घर्षणाच्या प्लेटींची जाडी व्हर्निअरनें मोजली जाते कीं नुसत्या डोळ्यांनीं? पोलादी प्लेटी निळ्या पडल्या आहेत का? त्या कांचेच्या तुकड्यावर ठेवल्या असतां सपाट बसतात कीं डुगडुगतात? स्प्रिंगांची लांबी कमी झाली आहे का? आणि नव्या प्लेटी बसविण्यापूर्वीं इंजिनाच्या तेलांत भिजविल्या गेल्या पाहिजेत. कोरड्या बसविल्या तर पहिल्याच फेरींत जळूं शकतात.

माझ्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं नवी केबल घातली, सैलपणा दिला, आणि आम्ही रमतगमत साताऱ्यास पोंचलों. परंतु घाटांतल्या त्या दहा मिनिटांनीं आपलें काम केलें होतें. चढावर क्लच अजून किंचित् घसरे. पुढच्या महिन्यांत तो खोलला, तेव्हां दोन पोलादी प्लेटी मोरपिसासारख्या निळ्या पडलेल्या निघाल्या आणि सर्व संच बदलावा लागला. त्यांतली एक प्लेट मीं घरीं आणून ठेवली आहे.

गाडी अजून तीच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी शाळेंतली जुनी लाकडी फूटपट्टी लिव्हरच्या टोकाशीं धरून सैलपणा मोजतों. सौभाग्यवतींना फूटपट्टी लागत नाहीं. घाटाच्या पायथ्याशीं चहा घेऊन झाला कीं त्या गाडीवर बसण्यापूर्वीं एका बोटानें लिव्हर हालवून पाहतात, आणि मगच बसतात.