ऐकणारा आणि धाडणारा

१९५६ साली पुणे आकाशवाणीच्या कार्यक्रमांसाठी १५० खेड्यांत श्रोत्यांची मंडळे निघाली. ठरल्या वेळी माणसे रेडिओभोवती जमत, ऐकत, मग त्यावर वाद घालत. शंका पुण्याला कळवत. बोलणारा कोण, हे साऱ्यांना ठाऊक असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले झाले. २०१६ नंतर ते स्वस्त होऊन शेताच्या बांधापर्यंत पोचले. पावसाचा अंदाज आता वाटेल तेव्हा पाहावा. सोय मोठीच, नाही कोण म्हणतो? पण जो तो एकटा ऐकतो, आणि ऐकणाराच बोट दाबून पुढे धाडतो. मूळ सांगणारा कोण, याचा पत्ता लागत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतासाठी मर्यादा जाहीर केली: आलेला निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. पण प्रत्येकाने नव्या पाचांना धाडला, तर पाचाचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे. दहाव्या फेरीला आकडा ९७ लाखांवर जातो. गुरुजी, हा गुणाकार एकदा फळ्यावर करून दाखवा. पोरे घरी जाऊन सांगतीलच.