उपग्रहाला ऊस कसा दिसतो?

"आभाळातून साखर मोजणार काय?" असे काही सभासद विचारतात. शंका रास्त आहे, म्हणून हा थोडा खुलासा.

हिरवे पान उन्हातला तांबडा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र जवळपास निम्मा परत फेकते. पान सुकले, रोगाने खंगले की हा हिशेब बिघडतो. उपग्रहातले यंत्र या दोन प्रकाशांचीच तुलना करते. आपल्या देशात याची सुरुवात १९७० साली केरळात नारळापासून झाली. डॉ. पिशारोटी यांच्या पथकाने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो काढून मुळाच्या रोगाने खंगलेल्या बागा हुडकल्या. जंगलांचा सरकारी अहवालही १९८७ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून निघतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात चाळीस चौकोन आले. बांधावरचा चौकोन मात्र निम्मा आपला, निम्मा शेजाऱ्याचा. ते भांडण उपग्रहालाही मिटत नाही!

खरी अडचण पुढेच आहे. ऊस दाटून सरी झाकली की आकडा फारसा वाढत नाही. मग चाळीस टनांचा फड आणि साठ टनांचा फड वरून सारखाच हिरवा दिसू शकतो. तणही हिरवेच. पावसाळ्यात तर ढगच आडवे येतात. आणि कांडीतली साखर त्या चित्रात कुठेच नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की चित्रात फिका दिसणारा तुकडा चिटबॉयने आधी शेतात जाऊन पाहावा, पाणी कमी पडले की हुमणी लागली ते तपासावे. तोड मात्र ब्रिक्स पाहूनच द्यावी.